कुकडी खोऱ्यातल्या विहिरी आणि लाव्हाचे थर : प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२३

आजपासून लिहून ठेवायला सुरुवात. माझं काम मोटार रिवाइंडिंगचं, नारायणगावच्या आसपासच्या गावांतून पाणबुडी मोटारी काढायच्या, भरायच्या, परत सोडायच्या. त्यामुळे विहिरीत डोकावणं रोजचंच आणि गेली कितीतरी वर्षं विहिरीच्या भिंतींवर थर दिसतायत, काळा, मग चट्ट्यापट्ट्याचा, मग कुठे तांबडी रेघ, परत काळा. कॉलेजात भूगोल होता पण दख्खनचं पठार लाव्हाचं आहे एवढ्यावरच धडा संपायचा. आता ठरवलंय की ज्या विहिरीवर कामाला जाईन तिथला थर मोजून वहीत उतरवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी कुकडीच्या काठाने उगमाकडून निघोजपर्यंत जमेल तसं बघत जायचं.

घाई असण्याचं कारण वेगळं आहे. विहिरींना आता आतून रिंगा टाकतात नाहीतर गिलावा करतात, एकदा तो झाला की दगड कायमचा झाकला जातो. रस्ते रुंद होताना डोंगर कापतात तेव्हा आतला सुंदर छेद दिसतो आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर जाळी आणि सिमेंट. म्हणजे जे उघडं आहे ते आत्ताच लिहून घ्यायला पाहिजे.

वहीत कॉलम असे : गाव, विहिरीची खोली, काठापासून किती फुटावर काय, पाणी कुठून पाझरतं, फोटो नंबर. मालकाचं नाव लिहीत नाही, गट नंबरपण नाही, नुसता माझा खुणेचा आकडा.

१९ नोव्हेंबर २०२३

सामान जमवलं. दहापट भिंग, दोरीवाला टेप, लोहचुंबक, स्टीलचा खिळा, काचेचा तुकडा, न घासलेली फरशी रेघ ओढायला, छोटी हातोडी आणि गॉगल. गॉगलशिवाय बेसाल्टवर हातोडी मारूच नये, कपची काचेसारखी उडते.

आज घरी वजन करायचा प्रयोग केला आणि मजा आली. दगड आधी हवेत वजन करायचा, मग तोच दोऱ्याने पाण्यात लटकवून. पहिला एक घट्ट काळा तुकडा, हवेत ७४२ ग्रॅम आणि पाण्यात ४८६, म्हणजे २५६ ग्रॅमची घट, हवेतल्या वजनाला या घटीने भागलं की २.९ येतं. मग पांढऱ्या ठिपक्यांचा तुकडा, हवेत ५१५, पाण्यात ३०५, म्हणजे २.४५. दोन्ही एकाच विहिरीतले, मधे जेमतेम पंधरा फुटांचं अंतर, आणि घनतेत एवढा फरक! बेसाल्ट म्हणजे सगळीकडे एकच काळा दगड असं जे आपण धरून चालतो ते स्वयंपाकघरातल्या काट्यावरच खोटं ठरतं.

पांढऱ्या ठिपक्यांवर दुसरी तपासणी. टॉयलेट क्लीनर पातळ करून ड्रॉपरने एक थेंब सोडला (हातमोजे घालून, खिडकी उघडून). फसफसलं तर कॅल्साइट (चुन्याचं खनिज), गप्प राहिलं तर बहुतेक झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत जमणारी खनिजं) नाहीतर गारगोटीच्या जातीतलं काही. मग काच. गारगोटीची कठीणता ७, ती काचेवर सरळ ओरखडा काढते, झिओलाइट साधारण साडेतीन ते साडेपाचच्या मधे असतात त्यामुळे खिळ्याने खरवडले जातात. या दोन तपासण्यांत निम्मं काम होतं. पंख्यासारखे, पेंढीसारखे चमकणारे स्फटिक दिसले की स्टिल्बाइट, सुयांचा झुबका असेल तर स्कोलेसाइट किंवा त्याचा भाऊबंद, आणि चौकोनी, काचेसारखा स्वच्छ, एका बाजूने मोत्यासारखी चमक मारणारा तो अपोफिलाइट. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निळं कॅव्हन्साइट निघालं ते जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलंय, आमच्याकडे तसलं निळं अजून दिसलं नाही, पण म्हणून काही पांढऱ्याची किंमत कमी होत नाही.

१० डिसेंबर २०२३

आजची विहीर सात परस (परस म्हणजे पुरुषभर उंचीचं माप) खोल, जुनी, हाताने खोदलेली. मोटार वर यायला वेळ होता कारण कप्पी अडकली होती, तर मालकांचे वडील बांधावर येऊन बसले, त्यांनी तरुणपणी स्वतः खोदकाम केलेलं, सुरुंग लावलेले. मी वही काढली तर ते म्हणाले, "काय लिवतोस रं?" म्हटलं, "बाबा, दगड लिहितोय, कुठं कुठला लागला ते." तर त्यांनी न बघता सांगितलं, वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मग तांबडा, मग परत मांजऱ्या आणि तिथंच पाणी. "पाषाणात पाणी न्हाई, पाषाण नुसता सुरुंग खातो."

मी टेप सोडला आणि खरंच तसंच निघालं. भूशास्त्राच्या पुस्तकात जे लाव्हाच्या एका थराचं चित्र असतं ते या माणसाच्या डोक्यात साठेक वर्षं आहे. लाव्हा वाहून थांबला की त्यातला वायू वर सरकतो, म्हणून थराचा माथा बुडबुड्यांनी भरलेला, मधला भाग घट्ट, आणि तळाशी परत थोडे बुडबुडे. नंतर लाखो वर्षं जमिनीतलं पाणी त्या पोकळ्यांतून फिरतं, झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी आत जमवत जातं, तोच आपला मांजऱ्या. त्याच्यात भेगा आणि कुज जास्त म्हणून पाणी साठतं. मधला घट्ट भाग म्हणजे पाषाण, त्यात उभ्या चिरा असतील तरच पाणी मिळणार. म्हणजे विहिरीतला मांजऱ्या-पाषाण-मांजऱ्या-पाषाण हा क्रम म्हणजे एकावर एक बसलेले लाव्हाचे प्रवाह आहेत आणि प्रत्येक मांजऱ्याचा माथा हा कधीतरी उघडी जमीन होता. त्याच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला.

बाबांना विचारलं तांबड्याला काय म्हणता, तर म्हणाले "तांबडाच की. त्याला धार न्हाई लागत, पहारीनं निघतो, पर ढासळतो." याच्यावर पुढच्या वेळी.

२४ डिसेंबर २०२३

तांबडा थर. गेल्या विहिरीपासून जवळच आणखी दोन विहिरी आहेत, त्यांत पण आहे. प्रश्न एकच, हा तिन्हीकडे दिसतो तो एकच थर का?

मोबाइलचा जीपीएस उंची सांगतो पण त्यात कित्येक मीटरची गडबड असते, ते या कामाला निरुपयोगी. मग गवंडी वापरतात तो लेव्हल पाईप आणला, पारदर्शक नळी पाणी भरून, दोन टोकांना पाणी एकाच पातळीवर. भाच्याला बरोबर घेतलं, तो एक टोक धरून पुढे, मी मागे, प्रत्येक टप्प्याला खुंटी मारायची आणि फरक वहीत. शेतातून, उसाच्या कडेने, ओढा उतरून परत चढून. नळीत हवेचा फुगा राहिला तर सगळं वाया म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून तपासत होतो. दुपार गेली पण आकडा मिळाला : पहिल्या विहिरीतला तांबडा शून्य धरला तर दुसरीतला त्याच्या ३२ सेंटीमीटर खाली. दोन विहिरींमधे अडीचशे मीटरच्या आसपास अंतर. म्हणजे जवळजवळ सपाट, अगदी किंचित उतार, थर एकच म्हणायला हरकत नाही.

हा तांबडा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला मुक्काम. खालचा लाव्हा थंड झाल्यावर त्याचा माथा कुजला, माती होऊ लागली, राख-धूळ येऊन बसली, लोखंड गंजून लाल झालं, मग वरून पुढचा लाव्हा आला आणि त्याने ते भाजून काढलं. काठावरून खाली बघताना हा थर वीतभर, कुठे हातभर दिसतो, पण त्यात गेलेला काळ त्याच्या वरखालच्या प्रचंड पाषाणापेक्षा खूप जास्त असू शकतो. पाषाण घातला जायला थोडा वेळ लागतो, खरा वेळ या तांबड्यात साठलेला असतो.

आणि या तांबड्या थरांनी जगाच्या भूशास्त्रात मोठं काम केलंय. बेसाल्टमधे वय काढायला लागणारे झिरकॉन या खनिजाचे कण सहसा मिळत नाहीत, पण प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या अशाच लाल थरांतून ते कण वेचले, हवेतून आलेल्या ज्वालामुखीच्या राखेतले, आणि त्यावरून दख्खनच्या उद्रेकांचं वेळापत्रक मांडलं, २०१५ मधे आणि मग २०१९ मधे. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकला, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच सुमारास. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या खाली दक्षिण गोलार्धात होता. आमच्या विहिरीतला तांबडा तिकडे भाजला गेलाय.

७ जानेवारी २०२४

तिसरी विहीर मोजली. तांबडा आहे पण हिशोबापेक्षा सव्वा मीटर वर, आणि पातळ. त्याच्या पलीकडच्या चौथीत तांबडा नाहीच, त्या पातळीला सलग मांजऱ्या. हे पण बरोबर बसतं. आमच्याकडचे बरेच प्रवाह एकसंध चादरीसारखे पसरलेले नाहीत, पाहोहो जातीचा लाव्हा लहान लहान जिभा काढत पुढे जातो, एक जीभ फुगते, तिच्या बगलेतून दुसरी फुटते. मग मधल्या खोलगटात माती साठते, उंचवट्यावर साठत नाही. म्हणून तांबडा कुठे जाड, कुठे गायब.

चौथीच्या तळाशी नळ्यांसारख्या उभ्या पोकळ्या दिसल्या, पेन्सिलीएवढ्या, आत पांढरं भरलेलं. लाव्हाच्या प्रवाहाच्या बुडाशी असे नळ येतात. सगळे वरच्या टोकाला एकाच बाजूला कललेले. कल म्हणजे लाव्हाची दिशा. होकायंत्र दगडाला न टेकवता, हातभर लांब धरून दिशा घेतली कारण बेसाल्टमधे मॅग्नेटाइट असतं, सुई फसते. एका विहिरीवरून दिशा ठरवत नाही, आणखी आठ-दहा जागा मिळू देत.

२८ जानेवारी २०२४

नाणेघाट. पहाटे निघालो, घाटघरला पोचलो तेव्हा गार वारं. लोक इथे सातवाहनांसाठी येतात, नागनिकेचा ब्राह्मी लेख, जकातीचा रांजण, आणि ते बघायलाच पाहिजे, पण मी आज कड्याकडे तोंड करून बसलो.

जीवधन किल्ल्याच्या बाजूला आणि वानरलिंगी सुळक्याकडे बघितलं की पायऱ्या पडलेल्या दिसतात. उभा काळा कडा, मग गवताची पट्टी, परत उभा कडा, परत पट्टी. कडा म्हणजे पाषाण, पट्टी म्हणजे मांजऱ्या आणि तांबडा, कारण तो लवकर झिजतो, त्यावर माती धरते, गवत येतं, कारवी येते. जे मी विहिरीत वीस-पंचवीस फुटांच्या तुकड्यात बघतो ते इथे शेकडो मीटर उभं कापून ठेवलंय. गवताच्या पट्ट्यांवरून प्रवाह मोजायचा प्रयत्न केला, पण एका पट्टीत दोन-तीन लहान प्रवाह लपलेले असू शकतात म्हणून आकडा लिहीत नाही, फोटोवर रेघा मारून ठेवल्यात.

सह्याद्रीतले हे थर वरवर आडवे दिसले तरी दक्षिणेकडे अगदी हळू कलतात. त्यामुळे उत्तरेला इगतपुरी-कळसूबाईकडे खालचे जुने थर उघडे पडलेत आणि महाबळेश्वरला नवे. आमचा जुन्नर-आंबेगावचा पट्टा जुन्यांत, भूशास्त्रज्ञ ज्या जुन्या थरांच्या गटाला कळसूबाई उपगट म्हणतात त्यात. मला हे फार आवडतं, की गाडीने नाशिककडून साताऱ्याकडे निघालं तर सपाट रस्त्यावरूनसुद्धा आपण लाव्हाच्या चळतीत वर वर चढत असतो.

येताना पूरला कुकडेश्वराच्या देवळात थांबलो. कुकडीची सुरुवात याच बाजूची. देवळाच्या दगडाला हात लावून बघितला, बारीक पोताचा घट्ट पाषाण निवडलाय, मांजऱ्याचे ठिपके शोधावे लागतात. ज्यांनी निवडला त्यांना दगड कळत होता.

११ फेब्रुवारी २०२४

मंचर आणि गिरवली. या दोन्ही गावांची नावं दख्खनच्या भूशास्त्रात पक्की बसलेली आहेत आणि मंचरच्या बाजारात हे कोणाला माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण आहे जायंट प्लेजिओक्लेज बेसाल्ट. साध्या बेसाल्टचे स्फटिक भिंगाखालीही नीट दिसत नाहीत, याच्यात प्लेजिओक्लेज नावाच्या फेल्डस्पार खनिजाच्या फिकट पट्ट्या इंच-दीड इंच लांब, काळ्यात आडव्यातिडव्या विखुरलेल्या. असे थर कळसूबाई उपगटात ठराविक पातळ्यांवर येतात, कशेळे, थळघाट, टनेल फाइव्ह, मंचर, गिरवली अशी त्यांना नावं, आणि गिरवलीचा सगळ्यात वरचा. नकाशा काढणाऱ्यांना याच खुणांनी थर जुळवता आले कारण बाकी पाषाण बघून हा प्रवाह कुठला ते नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड.

घोडेगावकडून गिरवलीला चढलो, वर आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दुर्बीण आहे. शेताच्या बांधावर रचलेल्या दगडांतच पहिला सापडला. उन्हात तिरका धरला की पट्ट्या चमकतात. एवढा मोठा स्फटिक वाढायला वेळ लागतो, म्हणजे हा लाव्हा वर यायच्या आधी जमिनीखाली कुठेतरी सावकाश निवत बसला होता, स्फटिक वाढले, आणि मग सगळं मिळून बाहेर पडलं. बाकीचं बाहेर आल्यावर पटकन थिजलं म्हणून बारीक. एकाच दगडात दोन वेग. बांधावरची मावशी म्हणाली "ने की, दगडच हाय", तरी बांधातला काढला नाही, खाली ओघळीत पडलेला एक घेतला.

२५ फेब्रुवारी २०२४

लेण्याद्री, थोडक्यात. संरक्षित जागा, खिळा-हातोडी-ॲसिड सगळं घरी ठेवून फक्त डोळे आणि वही. भिंतींत, खांबांत पांढरे ठिपके आणि काही ठिकाणी पोकळ्या. जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त लेणी-टाकी कोरलेली आहेत, आणि माझं मत असं की त्यांची जागा ठरवताना दगडाचा थर नक्की बघितला असणार, सलग, चिरा कमी असलेला. टाक्यांबद्दल तर आणखीच वाटतं. शिवनेरी आणि चावंडची टाकी याच नजरेने परत बघायचीत.

१० मार्च २०२४

बोरी. गेले काही दिवस याचीच वाट बघत होतो. कुकडीच्या काठी गाळाच्या उभ्या दरडीत एक पांढुरका राखाडी पट्टा. हा इथला दगड नाहीच, ही ज्वालामुखीची राख आहे आणि ती आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरहून लांब. बोटांत घेतली तर पिठासारखी, भिंगाखाली बारीक काचेचे तुकडे, वाकडे, फुटलेल्या बुडबुड्याच्या भिंतीसारखे. लोहचुंबक फिरवला तर जवळपास काही चिकटत नाही, आणि चार पावलांवर नदीच्या वाळूत तोच चुंबक घातला की काळ्या मॅग्नेटाइटची दाढी उगवते. म्हणजे दोन्ही ज्वालामुखीचंच, पण एक लोखंडाने भरलेलं आणि एक जवळजवळ नुसती काच.

या राखेच्या जोडीला इथे आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली, डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी काम केलं. राख कुठल्या उद्रेकाची यावर बराच वाद झालाय, साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचा टोबाचा शेवटचा महास्फोट की त्याच्याही कितीतरी आधीचा एखादा, आणि त्यावर हत्यारांचं वय अवलंबून आहे म्हणून वाद एवढा तावातावाने चालतो. नदी गाळ उकरते आणि परत बसवते, राख मूळ जागेवर पडलेली का वाहून आलेली हे प्रत्येक दरडीत वेगळं तपासावं लागतं.

चिमूटभराच्या वर घेऊ नका, हे इथे ठळक लिहितो. पोतं भरून नेण्याची गोष्ट नाहीये ती. दरड दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते, त्यात आपली भर नको.

७ एप्रिल २०२४

शेजारच्या वाडीत रात्री बोअरची गाडी आली, मालक ओळखीचे म्हणून दर दहा फुटाला निघालेला भुगा पिशवीत भरून नंबर टाकत गेलो. काळा, काळा, मग पांढरट दाणे, मग काळा. ११० फुटांवर पाणी एकदम लाल झालं, ऑपरेटरने लगेच ओळखलं आणि म्हणाला केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाईप) टाकायला लागणार. बरोबरच आहे, तांबडा चिकणमातीसारखा, पाण्याने फुगतो, बोअर गिळतो. पाणी लागलं ते तांबड्याच्या वर, मांजऱ्यात, कारण तांबडा खाली पाणी जाऊ देत नाही. दोनशेच्या पुढे नुसता पाषाण, तिथे थांबवा म्हटलं, ते चारशेपर्यंत गेले, धूळच निघाली. पैसा गेला बिचाऱ्यांचा. प्रत्येक गावात अशा भुग्याच्या नोंदी कोणी ठेवल्या असत्या तर निदान कुठे थांबायचं ते तरी सांगता आलं असतं.

५ मे २०२४

निघोज. पाणी अगदी कमी, म्हणूनच मे निवडला. मळगंगेचं दर्शन घेतलं आणि पात्रात उतरलो. टाकळी हाजीकडून येणारे पलीकडच्या काठावर.

रांजणखळगे फोटोत शंभरदा बघितलेले पण आत वाकून बघितल्यावर कळतं की भिंतीला पीळ आहे, भोवरा फिरला त्याच दिशेने घासलेली. खळग्याच्या तळाशी गोटे असतात, तेच याचं हत्यार. पुराच्या पाण्यात गोटा एखाद्या चिरेत किंवा खड्ड्यात अडकतो, गरगर फिरतो, खड्डा खोल करतो, स्वतः झिजून संपतो, मग नवा गोटा येतो. एका कोरड्या खळग्यातले गोटे काढून तपासले आणि परत ठेवले : बहुतेक बेसाल्ट, पण काही गारगोटीच्या जातीचे, कॅल्सिडोनी, काचेवर ओरखडा काढणारे. ते वरच्या गावांतल्या कुठल्यातरी मांजऱ्याच्या पोकळीत घडलेले आणि मांजऱ्या झिजल्यावर सुटून वाहत इथे आलेले असणार. म्हणजे आमच्या विहिरींत दिसणारी ती पांढरी भरणच इथे खाली पाषाण कोरतेय.

शेजारशेजारचे खळगे वाढत एकमेकांत मिसळलेत, मधली भिंत पडून घळ झालीय, आणि नदी आता त्या घळीतून जाते. एक भिंत हाताच्या पंज्याएवढी जाड उरली होती, तिच्यात दोन्ही बाजूंनी गोलावा. कडेने चालताना सांभाळून, दगड गुळगुळीत आहे आणि खाली पाणी खोल.

२६ मे २०२४

पावसाच्या आधी वही आवरली. विहिरींचे उभे छेद एकाच प्रमाणात आलेखाच्या कागदावर काढले, एका इंचाला दहा फूट, शेजारीशेजारी लावले, तांबडा लाल पेन्सिलीने जोडला, जिथे तुटतो तिथे प्रश्नचिन्ह. कललेल्या नळ्या आतापर्यंत तीनच जागी मिळाल्यात, दोन जवळजवळ सारख्या दिशेच्या आणि एक वेगळी.

गावातल्या शाळेत पेटी दिली : मुरूम, मांजऱ्या, पाषाण, तांबडा, गिरवलीचा मोठ्या स्फटिकांचा दगड, स्टिल्बाइट, कॅल्साइट, गारगोटी, काळी वाळू आणि एक चुंबक. प्रत्येकावर कुठे मिळाला ते लिहिलंय, कारण जागा न लिहिलेल्या दगडाचा उपयोग अर्धाच. सरांना सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाची सहल सुचवली, तिथले झिओलाइट बघून पोरं परत विहिरीत डोकावतील.

जूनमधे पहिल्या पावसानंतर विहिरीत पाझर आधी कुठल्या थरातून सुरू होतो ते बघायचंय, त्यासाठी त्या तीन विहिरींच्या भिंतीवर फूट मोजायच्या रंगाच्या खुणा करून ठेवल्यात. मालकांना सांगितलंय, पाणी दिसलं की फोन करा, रात्री असला तरी चालेल.